पाटावरची पिन

मित्रांनो, गोठ्यामागच्या बाभळीखाली एका चाकावर कलंडून पडलेल्या ज्या लोखंडाचा तुम्ही लपाछपीत आडोसा घेता ना, ती मी. ट्रॅक्टरमागे चालणारी, दोन चाकांची एक जुनी ट्रॉली. माझ्यावर चढून तुम्ही उड्या मारता त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. उलट बरं वाटतं, कोणीतरी अंगाखांद्यावर खेळतं. पण मोठी माणसं जाता जाता बोट दाखवून तुम्हाला दटावतात, "तिकडं जाऊ नका रे, त्या ट्रॉलीनं माणसाचा पाय घेतला." ते ऐकलं की माझ्या अंगावरचा उरलासुरला रंगसुद्धा जळून जातो. म्हणून आज माझी हकीकत ऐकाच. परवा मला भंगारात नेणार आहेत. मग सांगायला मी नसेन, आणि लोक सांगतील तेच तुम्हाला खरं वाटेल.

माझा जन्म बालाघाटच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. मला बनवून घ्यायला भैयालाल वारासिवनीकडच्या आपल्या गावाहून रोज यायचा आणि मिस्त्रीच्या डोक्यावर बसायचा. चहाला म्हणूनसुद्धा हलायचा नाही. ट्रॉलीच्या पुढे एक लांब दांडी असते आणि दांडीच्या टोकाला एक जाड कडं. ट्रॅक्टरच्या मागे ते कडं बसवायचं, वरून बोटापेक्षा जाड पोलादी पिन घालायची, की झाली जोडणी. भैयालाल त्या कड्याला माझा कान म्हणायचा.

"मिस्त्री, हिचा कान मजबूत कर," तो म्हणायचा. "सारा भार कानावरच येते. बाकी रंगबिंग कसाबी दे."

मिस्त्रीने कान असा बनवला की पाहत राहावं. रंग मात्र खरोखरच कसाबसा दिला. तरी मी खूश होते. आपला मालक आपल्या रूपापेक्षा आपल्या बळाकडे पाहतो, याचा मला फार अभिमान वाटला.

गावी आल्यावर माझी ओळख पुनारामशी झाली. तो हमाल होता, पण नुसता पाठीने काम करणारा नव्हता. पहिल्याच दिवशी त्याने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून चाकांचा आस पाहिला, आणि गेरू कालवून माझ्या बाजूच्या फळीवर, बरोबर चाकाच्या वर, एक उभी लाल रेघ ओढली.

"हे काय करून राह्यला?" भैयालालने विचारलं.

"भाऊ, दोन चाकांची गाडी हाये हे. दहा कट्टे लादले तं सहा या रेघीच्या पुढं, चार मागं. मागं वजन झालं का गाडी उलाळ होते. दांडी वर उठते, अन् मंग तुमची पिन किती वेळ टिकन?"

तुम्ही रिकाम्या बैलगाडीच्या मागच्या टोकाला लटकून पाहिलंच असेल. पुढची बाजू कशी आभाळाकडे जाते! तसंच माझं. भैयालालला ते लगेच पटलं. तेव्हापासून धानाचे कट्टे, म्हणजे पोती, असोत, विटा असोत की सिमेंट, माझी लादणी पुनारामच्या रेघेवरून व्हायची. पावसाने रेघ पुसट झाली की तो ती पुन्हा ओढायचा. त्याच्याजवळ लाकडाचा एक तिरपा ठोकळाही असायचा. मला ट्रॅक्टरपासून सोडायच्या आधी तो चाकाखाली ठोकळा सारायचा आणि मगच म्हणायचा, "काढा."

आणि भैयालाल! त्याची जोडणी म्हणजे एक व्रतच होतं. आधी पिन. पिनच्या खालच्या भोकात क्लिप, म्हणजे हिसक्याने पिन वर उडायला नको. मग साखळी, म्हणजे पिनने दगा दिलाच तर मला धरायला दुसरं कोणी असावं. शेवटी दोन्ही हातांनी दांडी गदागदा हलवायची. एवढं झाल्याशिवाय तो ट्रॅक्टरवर चढत नसे. लादलेल्या मालावर कोणाला बसू देत नसे. एकदा त्याचा स्वतःचा मेहुणा ऐटीत कट्ट्यांवर जाऊन बसला, तर त्याला उतरवून तीन कोस सायकलने पाठवला. गोदाबाई, म्हणजे भैयालालची बायको, त्यावरून आठ दिवस त्याच्याशी बोलत नव्हती.

अठरा वर्षं आमचं असं चाललं. वारासिवनीच्या राईस मिलच्या आवारात मोठमोठ्या चारचाकी ट्रॉल्या आपल्या रंगाचा तोरा मिरवत उभ्या असायच्या, आणि मिलचे मुनीमजी त्यांच्यासमोर म्हणायचे, "भैयालालची ट्रॉली आली का? तिला सरळ आत येऊ द्या. तिचं काही पाहावं लागत नाही." हे ऐकून मी फुलून जायचे. मला वाटायचं, जगात कोणीही मला फसवेल, पण भैयालाल नाही. तो मला एकटं सोडणार नाही.

मित्रांनो, आता गेल्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट.

दसऱ्याला आमच्या घरी औजारांची पूजा असते. गोदाबाई त्यात काटेकोर. आदल्या दिवशी माझी पिन, क्लिप आणि साखळी काढून तिने रॉकेलमध्ये बुडवली, राखेने घासली. सकाळी अंगणात पाट मांडला. त्यावर विळे, कुऱ्हाड, पाने-पकड आणि मधोमध माझी पिन. हळदी-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. मलाही हार घातला. या घरचा नेम असा की पाटावर बसलेलं औजार दुसऱ्या दिवशीची आरती होईपर्यंत उचलायचं नाही. औजारालाही एक दिवस विसावा हवा, म्हणून कोणा जुन्या माणसाने तो नेम घातला असावा. मला तो आवडायचा. पिन नाही म्हणजे मलाही सुट्टी, हे ठरलेलंच होतं. अठरा दसऱ्यांत ते कधी मोडलं नव्हतं.

पण त्या वर्षी दसरा उशिरा आला होता. हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान कापून, मळून, कट्ट्यांत भरून खळ्यावर रचलेला होता. दुपारी लालबर्ऱ्याच्या बाजूने आभाळ काळं होऊन आलं. भैयालालचा मुलगा गजेंद्र धावत अंगणात आला. चांगला तिशीला टेकलेला माणूस, पण घाई झाली की त्याचं डोकं चालत नाही.

"बाबूजी, पानी येऊन राह्यलं! अख्खा धान भिजन. मिलवाले म्हणतात आत्ता आणा, शेडमध्ये ठेवतो. पिन घेऊ का?"

"हात नको लावू!" गोदाबाई आतून ओरडली. "पाटावरचं उचलत नसतात. सालभराची पूजा मोडतं का?"

भैयालाल उभा राहिला. एकदा त्याने आभाळाकडे पाहिलं, एकदा पाटाकडे. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. मला वाटलं, आता म्हणेल की आज ट्रॉली जुतणार नाही, ताडपत्री काढा. किंवा म्हणेल, गोदा, देवाची माफी मागतो, पण पिन दे. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. तो गेला आणि नव्या खोलीच्या बांधकामातून उरलेला सळईचा एक तुकडा घेऊन आला. तो माझ्या कानात घातला. पिनच्या निम्म्या जाडीचा. कानात तो नुसता खुळखुळत होता. क्लिप नाही, साखळी नाही. दांडी हलवूनही पाहिली नाही.

"एका फेरीचं काय होते," तो म्हणाला.

त्याच क्षणी मला कळायला हवं होतं. पण अठरा वर्षांचा विश्वास एका खुळखुळाटाने जात नाही, मित्रांनो. मी स्वतःची समजूत घातली, की भैयालाल करतोय म्हणजे बरोबरच असेल.

खळ्यावर सण म्हणून हमाल नव्हते. पुनाराम तेवढा निरोप मिळाल्यावर जेवत्या ताटावरून उठून आला. तो कट्टे रेघेच्या पुढे नेऊन लावू लागला, तर खालून भैयालाल आणि गजेंद्र घाईघाईने मागच्या फळीपाशीच कट्टे टाकू लागले.

"भाऊ, मागं लय वजन होऊन राह्यलं," पुनाराम म्हणाला. "पुढं घेऊ द्या मले."

"मिलमध्ये घे. पानी आलं डोक्यावर."

मग पुनाराम खाली उतरला आणि नेहमीप्रमाणे माझ्या कानापाशी वाकला. सळई पाहून त्याचा चेहरा उतरला. "भाऊ, पिन कुठं हाये?"

"पूजेत हाये. चल, बस वर. पायी कधी येशीन तू?"

मालावर कोणी बसायचं नाही, हा नियम घालणाराच त्याला वर बसायला सांगत होता. पुनारामने नाही म्हणायला हवं होतं का? हवं होतं. पण अठरा वर्षं ज्याचं ऐकलं त्याला एका दुपारी नाही म्हणणं त्यालाही जमलं नाही आणि मलाही. त्याने आपला ठोकळा काखेत मारला आणि तो वर चढून बसला.

गावाबाहेर नहराचा पूल आहे. तुमच्या पुस्तकातला कालवा, त्यालाच आमच्याकडे नहर म्हणतात. पुलावर जायला बऱ्यापैकी चढ आहे. चढाला लागताच माझं मागचं वजन आणखी मागे गेलं. दांडी वर उठू लागली. सळई वाकली, कानात तिरपी झाली, आणि एका हिसक्यासरशी वर उडाली. धरायला साखळी नव्हती. ट्रॅक्टर पुढे गेला आणि मी मागे घरंगळू लागले.

मागे कोण होतं, सांगू? नवरात्रात पेरलेले जवारे, म्हणजे घटातले कोवळे अंकुर, डोक्यावर घेऊन नहरात सोडायला निघालेल्या बाया. गाणी म्हणत येत होत्या. त्यांच्या पुढे तुमच्याच वयाची चार-पाच पोरं. मला थांबायचं होतं हो! पण ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो. जिला कोणी धरलं नाही, ती कशी थांबणार?

पुनारामने वरून उडी टाकली. पडला, उठला, आणि माझ्या चाकामागे ठोकळा सारला. चाक ठोकळ्यावर चढलं, तिथून त्याच्या पायावर उतरलं, आणि मी रस्त्याच्या कडेला उलथले. माझे कट्टे चिखलात गेले. जवारे घेतलेली एकही बाई पडली नाही. एकाही पोराला खरचटलं नाही. पुनाराम मात्र उजवा पाय धरून ओरडत होता. तो आवाज मी अजून विसरले नाही.

त्याला बालाघाटच्या दवाखान्यात नेलं. गजेंद्रने सळई उचलली आणि नहरात फेकून दिली. संध्याकाळी मला ओढून याच बाभळीखाली आणून टाकलं. इथून गोठ्याच्या कडेने अंगण दिसतं. दिवेलागणीला भैयालाल एकटाच आला. मला वाटलं, माझ्या अंगावर हात ठेवील. माझ्याजवळ बसून रडेल, तर मीही मन मोकळं करीन. त्याच्या हातात घण होता.

त्याने माझा कान एका दगडावर टेकवला आणि घण घातला. एक, दोन, तीन. चौथ्याला कान फाटला. ज्या हातांनी अठरा वर्षं त्या कानाला ग्रीस लावलं, तेच हात होते ते, मित्रांनो. अपघातात मला इतकं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौकशीला पोलीस ठाण्याचे साहेब आले, तेव्हा भैयालालने फाटका कान दाखवला. "पिन लावलीच होती, साहेब. हे पाहा, कानच फाटला. ट्रॉली जुनी झालती. अन् हमालानं सारं वजन मागं टाकलं." साहेबांनी वाकून पाहिलं आणि लिहून घेतलं. पाटावर आरती होऊन गेली होती. पिन आता खुंटीवर टांगलेली होती, लखलखीत. तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

अशा रीतीने मी कुचकामी ठरले आणि पुनाराम निष्काळजी. तीन महिन्यांनी तो काठी टेकत घरी आला, तोवर गावभर झालं होतं की पुनारामला लादणी येत नाही. ज्याने मला रेघ दिली, त्याला! मिलमध्ये त्याला कोणी मालाला हात लावू देईना. उभं राहून दुसऱ्यांना सांगू म्हटलं, तर लोक हसायचे. तो कधी कधी वाटेने जाताना थांबायचा आणि माझ्या फळीवरच्या पुसट लाल रेघेकडे बघायचा. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. खरं काय ते माणसांपैकी चौघांनाच ठाऊक होतं. त्यातली तीन या घरात जेवत होती, आणि चौथ्याचं कोणी ऐकत नव्हतं.

एक वर्ष गेलं. भैयालाल या बाजूला फिरकला नाही. गुरांना चारासुद्धा तो पलीकडच्या दाराने घालायचा. गजेंद्रने नवी चारचाकी ट्रॉली आणली. तिचा रंग फार सुंदर आहे, मी कशाला नाही म्हणू?

मग या वर्षीचा दसरा आला. संध्याकाळी लोक सोनं द्यायला, म्हणजे आपट्याची पानं द्यायला अंगणात जमले. पुनारामही आला, काठी टेकत. भैयालालने पानं पुढे केली.

"सोनं घे, पुनाराम. झालं गेलं..."

पुनारामने हात पुढे केला नाही. "घेतो, भाऊ. पहिले एवढं सांगा. मी वजन मागं टाकलं म्हणून ट्रॉली सुटली का?"

गजेंद्र मध्ये पडला, "काका, सणासुदीचं जुनं काहून काढून राह्यले?"

तेवढ्यात गोदाबाई पुढे आली. पाटावर मांडलेल्या औजारांतून तिने माझी पिन उचलली. आरती व्हायची होती, पूजा मोडत होती, पण तिने उचलली. ओली हळद बोटांना लागली होती.

"हे पाहा," ती सगळ्यांना म्हणाली. "एक ओरखडा हाये का हिच्यावर? ट्रॉली सुटली तवा हे माह्या पाटावर होती. मीच उचलू देली नाही. पुनारामभाऊचा दोष नाही. माह्या तोंडाले वर्षभर कुलूप होतं."

सगळे भैयालालकडे पाहू लागले. त्याने पिनकडे पाहिलं, पुनारामच्या पायाकडे पाहिलं.

"हौ," तो म्हणाला. तेवढंच. पानं ओट्यावर ठेवून तो आत गेला.

गोदाबाईने ती पानं उचलून पुनारामच्या हातात दिली. पुनाराम काठी टेकत माझ्याकडे आला, त्यातलं एक पान माझ्या फळीवर, लाल रेघेपाशी ठेवलं आणि घरी गेला. दुसऱ्याच दिवशी मिलचे मुनीमजी त्याच्या दारी आले. आता तो आवारात खुर्ची टाकून बसतो आणि तो बोट दाखवील तिथेच कट्टा पडतो. त्याचं नाव त्याला परत मिळालं. मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला.

पण माझं काय? भैयालालच्या त्या 'हौ'मध्ये पुनाराम होता, पिन होती, मी नव्हते. पिन पाटावर होती, तर मग माझा कान फाटला कसा, हे अंगणातल्या एकानेही विचारलं नाही. घणाची गोष्ट फक्त त्याला आणि मला ठाऊक होती. आता तुम्हालाही ठाऊक झाली. मी त्याला माफ केलेलं नाही. तुम्ही म्हणाल, एवढी मोठी झालीस, माफ कर. नाही जमत.

आज सकाळी भंगारवाल्याचा फोन आला. ट्रॉली वारासिवनीला पोचवा, म्हणाला. पुनाराम इथून जात होता, त्याने गजेंद्रला विचारलं, "कान तं फाटला. नेशीन कशी?"

"दोरीनं बांधतो, काका."

"दोरीनं? गड्या, नहराचा चढ हाये. कान वेल्ड करून घे पहिले."

"भंगाराले कोण वेल्डिंग करते? एका फेरीचं काय होते?"

भैयालाल ओट्यावर बसला होता. त्याला ऐकू गेलं. आपलेच शब्द त्याने ओळखले असणार. मी वाट पाहिली. तो उठेल, म्हणेल, नाही, दोरीनं नाही. त्याने मान खाली घातली आणि तंबाखू मळत राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरी ट्रॉली असेल, तर दसऱ्याला तिला हार घालू नका, चालेल. पिन, क्लिप आणि साखळी तेवढी लावा. वजन रेघेच्या पुढे ठेवा. मालावर कोणी बसलं तर उतरवा, मग तो मेहुणा असो नाहीतर पाहुणा.

आणि परवा मी निघेन, तेव्हा टाटा करायला पुलापर्यंत याल, मला माहीत आहे. या, पण लांब कडेला उभे राहा. नहराच्या चढावर माझ्या मागे येऊ नका. या वेळी ठोकळा घेऊन माझ्यावर कोणी बसलेलं नसेल.